तिची तयारी नाही

मला एका जागी बसवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. चामराजपेटमधल्या आमच्या घराची पुढची खोली दहा बाय बाराची. तिच्यात दोन सतरंज्या, भिंतीवर फळा, आणि उरलेल्या जागेत माझ्या येरझाऱ्या. तीस वर्षं मी या खोलीत आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते आहे. इथल्या पद्धतीप्रमाणे मुलं मला मिस म्हणतात. माझ्या माघारी ‘फॅन’ म्हणतात, कारण मी सारखी फिरत असते. हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मला राग आला, मग हसू आलं, आणि मग पुन्हा राग आला, कारण मी हसले होते.

आमची मराठी माणसं या कन्नड मुलखातल्या शहरात तीन-चारशे वर्षांपूर्वी आली म्हणतात. त्याच्या कथा प्रत्येक घरात वेगळ्या आहेत आणि प्रत्येक कथेत त्या घरचा पूर्वज घोड्यावर बसलेला आहे. माझ्या आठवणीतल्या गल्लीत मात्र घोडे नव्हते, शिवणयंत्रं होती. वडील मार्केटच्या बाजूला बायकांचे ब्लाऊज शिवायचे. घरात मराठी, पण निम्मी कन्नड मिसळलेली. शाळा कन्नड. देवनागरी मी हिंदीच्या तासाला शिकले आणि तिच्या जोरावर हळूहळू मराठी वाचायला लागले. गणितात बी.एस्सी. झाले तेव्हा गल्लीतल्या बायका मला बघायला आल्या होत्या, जशी काही मी परदेशातून आले होते. तेव्हा डोक्यात शिरलेली हवा पूर्ण निघून गेली आहे, असं मी म्हणणार नाही.

नवीन मूल आलं की मी त्याची एक परीक्षा घेते. एक कोरा कागद, एक पेन्सिल, फळ्यावर एक गणित, पाच मिनिटं. उत्तर बरोबर यावं अशी माझी अपेक्षा नसते. मी पेन्सिल बघत असते. पाच मिनिटांत ती हलली, मग ती चुकीच्या वाटेला का लागेना, तर मूल शिकायला तयार आहे. नाही हलली तर नाही. चुकणाऱ्याला वळवता येतं, ढिम्म बसलेल्याचं काय करायचं? असा माझा हिशेब, आणि तो मी वर्षानुवर्षं पालकांना ऐकवत आले.

मध्यंतरी जयनगरहून एक बाई मुलाला घेऊन यायची. मूळची पुण्याची, आयटीतली, बोलणं भराभरा. तिनं एकदा ही परीक्षा पाहिली आणि म्हणाली, “मॅम, तुम्ही जे करताय ना, ते लर्निंग रेडीनेस आहे! आमच्या स्कूलमध्ये पेरेंट्ससाठी त्यावर अख्खं वर्कशॉप झालं.” मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी आपली अंदाजानं करत होते त्याला इंग्रजी नाव होतं आणि त्याची वर्कशॉप होत होती. त्यानंतर मी ‘तयारी’ हा शब्द जरा जास्तच वापरायला लागले. याची तयारी आहे, तिची नाही. आईबाप गंभीरपणे मान हलवायचे. डॉक्टरसमोर हलवतात तशी.

ज्या मुलीसाठी हे सगळं सांगते आहे, ती आली त्याच दिवसांत, दहावीचं वर्ष सुरू होताना. तिच्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान आमच्या पलीकडच्या रस्त्यावर. आमच्यातलेच, तीन पिढ्यांचं येणंजाणं. माझ्यापेक्षा वयानं बरेच लहान, मला अक्का म्हणतात, मी त्यांना अण्णा म्हणते. मुलीची आई ती पाचवीत असताना गेली. घरात आणि दुकानात ही दोघंच.

“अक्का, हिचं तेवढं गणित बघा,” ते दारात उभं राहून म्हणाले. “बाकी सगळं जमतंय तिला. गणिताच्या पेपरात कायच लिवत न्हाई.”

मी तिला कागद दिला. फळ्यावर सोपं समीकरण होतं. ती बसली, फळ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. डाव्या हाताचा अंगठा कागदाच्या कडेवरून सावकाश फिरवत राहिली. पाच मिनिटं झाली. मी आणखी दोन दिली, ओळखीची म्हणून. पेन्सिल जिथे ठेवली होती तिथेच. दुसऱ्या कुणाची असती तर मी परत पाठवली असती. अण्णांची म्हणून ठेवून घेतली, आणि ठेवून घेतली याचा मनातल्या मनात उपकार धरला.

पुढचे पाच महिने आम्ही दोघींनी एकमेकींना छळलं. म्हणजे मी तिला छळलं. तिनं काहीच केलं नाही, आणि मला तेच सहन होत नव्हतं. बाकीची मुलं लिहायची, खोडायची, खिडकीतून बाहेर बघायची, एकमेकांच्या वहीत डोकावायची. हिची वही उघडी असायची आणि पान पांढरं. मी खोलीत चक्कर मारून तिच्यापाशी आले की थांबायचे. “लिही की काहीतरी.” दुसरी चक्कर. “अगं, सुरुवात तर कर. स्टेपला मार्क असतात.” तिसरी चक्कर. “झोप लागली का?” ती प्रत्येक वेळी मान वर करून माझ्याकडे बघायची, अदबीनं, आणि पुन्हा कागदाकडे. मग तिचा अंगठा पुन्हा त्या कडेच्या टोकापासून सुरू व्हायचा. एका संध्याकाळी माझा तोल गेला. मी तिचा हात पेनासकट धरला आणि वहीवर टेकवला. “हे असं. इथून.” तिनं हात सोडवून घेतला नाही. मी सोडला तेव्हा कागदावर शाईचा एक ठिपका पडला होता आणि ती त्या ठिपक्याकडे अशी बघत होती की मला तिची भीती वाटली. तिनं ते पान उलटलं आणि नव्या पानासमोर बसली.

मी काय काय केलं नाही? रागावले. गोडीनं सांगितलं. माझी स्वतःची गोष्ट सांगितली, ब्लाऊजच्या दुकानातून बी.एस्सी.पर्यंतची, जी मी सगळ्यांना सांगते आणि जी दर वर्षी थोडी लांबते. इंटरनेटवर शोधून विद्यार्थ्यांना प्रेरणा कशी द्यावी याचे व्हिडिओ पाहिले. त्यात एक गृहस्थ म्हणत होते की मुलांना त्यांचं भविष्य डोळ्यांनी दाखवा. झालं. एका रविवारी मी दहावीची चार मुलं घेऊन मेट्रोनं इंदिरानगरला गेले. माझा एक जुना विद्यार्थी तिथे एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्यानं सगळं ऑफिस हिंडून दाखवलं. काचेच्या भिंती, फुकट कॉफी, झोपाळा. ऑफिसात झोपाळा! बाकीची तिघं हरखून गेली. ही एका सोफ्यापाशी उभी राहून त्याच्या कव्हरची शिवण बघत होती. बोटानं चाचपून बघत होती. परतताना मी विचारलं, “कसं वाटलं?” म्हणाली, “चांगलं आहे, मिस. कोपऱ्यात कापड ओढलंय त्यांनी.”

मी तेव्हा मनात म्हटलं, या पोरीला शिकायचंच नाही.

दसऱ्यानंतर सहामाहीचे पेपर मिळाले. गणितात तिनं तीनच प्रश्न लिहिले होते. तिन्ही अचूक. एकही खाडाखोड नाही, छापल्यासारखे. पुढची सगळी पानं कोरी. मी ते तीन प्रश्न पाहिले आणि काय विचार केला हे मला नीट आठवतं, कारण त्याची मला लाज वाटते. मी विचार केला की हिनं कुणाचं तरी बघून लिहिलं असणार.

त्याच आठवड्यात तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापक बाईंचा फोन आला. बोर्डाचे फॉर्म भरायचे दिवस होते. शाळेला निकालाची काळजी. मुलगी नापास होण्यापेक्षा एक वर्ष थांबली तर तिच्याच हिताचं, असं त्या बाईंचं म्हणणं. “तुम्ही सांगितलंत तर वडील ऐकतील, मिस. तुमच्या शब्दाला मान आहे.” मी फुगले. शाळेनं आपल्याला विचारावं, याचं मला इतकं अप्रूप वाटलं की त्या शाळेला स्वतःची कातडी वाचवायची आहे हे दिसत असून मी ते बघितलं नाही.

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. गळ्यात टेप तसाच होता, दुकान उघडून आले होते. मागे ती होती, चप्पल पायात, उंबऱ्याबाहेर. मी तिला आत ये म्हटलं नाही. दहा मिनिटांचं तर बोलणं.

“एक वर्ष थांबूया अण्णा,” मी म्हटलं. “तिची तयारी नाही.”

“म्हंजे, अक्का?”

“म्हणजे डोकं आहे की नाही हा प्रश्न नाही. मनच नाही तिचं. मन नसताना परीक्षेला बसवलं की मूल कायमचं मोडतं. एक वर्ष दुकानात बसू दे तुमच्याजवळ, स्वतःला कळेल तिला शिकायचं का नाही ते.”

त्यातलं ‘स्वतःला कळेल’ हे त्या व्हिडिओतल्या गृहस्थांचं होतं. अण्णांनी गळ्यातला टेप काढून मुठीत गुंडाळला. मग म्हणाले, “सरी अक्का. तुमी सांगाल तसं. मला काय कळतंय त्यातलं.” आणि वळले. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, आणि मी घाईघाईनं फळा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगते, पहिले काही दिवस माझ्या चकरा हलक्या झाल्या होत्या. खोलीतली सगळी मुलं लिहीत होती. लिहिलेलं निम्मं चुकत होतं आणि मी ते आनंदानं दुरुस्त करत होते. मार्चमध्ये परीक्षा झाल्या, मे महिन्यात निकाल लागला, माझी सगळी पोरं पास झाली. पेढे आले. नवी मुलं आली. कधीमधी पलीकडच्या रस्त्यानं जाताना दुकानात ती मशीनवर वाकलेली दिसायची. मी चालण्याचा वेग वाढवायचे. चालण्याचा वेग वाढवायला मला कारण लागत नाही, त्यामुळे ते माझ्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही.

ऑगस्टात वरमहालक्ष्मीचा सण जवळ आला. त्या दिवसांत आमच्या भागातल्या टेलरांना जेवायला फुरसत नसते. माझ्या भाचीनं मला एक रेशमी साडी दिली होती, त्या साडीवरचा ब्लाऊज शिवायचा राहिला होता. ते माझ्या उशिरा लक्षात आलं आणि मी अण्णांच्या दुकानात गेले. अण्णा मशीनवर होते. म्हणाले, “अक्का, तिच्याकडंच द्या. कटिंग आता तीच करतीय. माझ्यापेक्षा बरी.”

ती कटिंगच्या टेबलापाशी उभी होती. समोर दुसऱ्या कुणाचा तरी रेशमी पीस पसरलेला, मोरपिशी रंगाचा, काठ भरजरी. हातात खडू. माझ्याकडे बघून ती ओळखीचं हसली आणि पुन्हा कापडाकडे वळली. मी बाकावर बसले. बसले म्हणजे टेकले. ती काही करेना. कापडाकडे बघत उभी. डाव्या हाताचा अंगठा कापडाच्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालला होता. एक मिनिट, दोन, चार. माझे पाय हलायला लागले. जिभेवर शब्द आले होते, “खूण तर कर की,” आणि तेवढ्यात अण्णा मशीन न थांबवताच हळू आवाजात म्हणाले, “स्वल्प थांबा, अक्का. आता तिच्याशी बोलू नका. मधी बोललं की परत पैल्यापासनं मोजावं लागतंय तिला.”

मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

मग तिनं खडू टेकवला आणि न उचलता, न थांबता सगळ्या रेषा ओढल्या. गळा, खांदा, मुंढा, बाही. एकही रेष दुसऱ्यांदा नाही. कात्री घेतली आणि कापलं. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील.

“आमच्यात असंच की,” अण्णा कौतुकानं सांगत होते. “गिऱ्हाइकाच्या कापडावर खोडाखोड चालत न्हाई. सगळं डोक्यात बसल्याशिवाय खडू लावायचा न्हाई. लहानपणापासनं तेच शिकवलंय तिला. तुमास्नी काय सांगायचं, तुमच्या वडलांचा हात काय होता!”

मला काय सांगायचं! मी टेलरच्याच घरात वाढले. आठ वर्षांची असताना मी वडिलांच्या टेबलावरच्या कापडावर उगीच एक रेघ ओढून बघितली होती, जमतंय का म्हणून. ते ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि त्यानंतर मला टेबलाजवळ उभं केलं नाही. मी शाळेच्या वहीवर जीव टाकला तो त्यामुळे. वहीत चुकलं तर खोडता येत होतं, पान फाडता येत होतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्या सुटकेवर मी माझं सगळं शिकणं उभं केलं, मग सगळं शिकवणं, आणि मग ती पाच मिनिटांची परीक्षा. पेन्सिल हललीच पाहिजे. आणि माझ्याच गल्लीतली, माझ्याच वडिलांसारखी काम करणारी मुलगी पाच महिने माझ्यासमोर बसली, तिचं मोजून होत आलं की मी तिच्यापाशी जाऊन थांबायचे, आणि ती बिचारी पुन्हा कडेच्या टोकापासून सुरू करायची. दुसऱ्या कुठल्या मिसला हे कळलं नसतं तर मी समजू शकले असते. मला कळायला हवं होतं.

मी उठले आणि टेबलापाशी गेले. सहामाहीच्या पेपरातलं एक गणित मला पाठ होतं, कारण त्यात बहुतेक सगळी पोरं चुकली होती. आयताची परिमिती चौतीस, कर्ण तेरा, बाजू काढा. तिनं ते कोरं सोडलं होतं. मी काही न सांगता ते तिला घातलं. आणि या वेळी तोंड मिटून उभी राहिले, हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून.

ती कापलेल्या तुकड्यांना टाचण्या लावत होती. एक बाही लावून झाली, दुसरी झाली.

“बारा आणि पाच,” ती म्हणाली.

“हे दुकानात शिकलीस?”

“नाही, मिस. तेव्हाच येत होतं.”

“तेव्हा? मग सांगायचं नाहीस?”

तिनं टाचण्यांची डबी बंद केली. “तुम्ही मला कुठं विचारलं? तुम्ही आमच्या आप्पांशी बोलला.”

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, मला रागाशी भांडता येतं. अण्णांची मशीन थांबली होती. ते तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत होते, आणि आपल्याकडून काय घडलं हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

मी म्हटलं, “मी चुकले.” तीस वर्षांत हे शब्द मी कुठल्या विद्यार्थ्याला म्हटले नव्हते. मग लगेच, माझ्या सवयीनं, पुढचं सगळं एका दमात मांडलं. बाहेरून बसायचा फॉर्म मी आणून देते. अजून मार्चपर्यंत सात महिने आहेत. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, तेव्हा ये. एकटीच ये, बाकी कुणी नाही. मी शिकवते. फी नाही, काही नाही. वेळ लावून सराव करू, तीन तासांत पेपर कसा बसवायचा ते बघू. मी बोलत सुटले होते आणि बोलताना त्या एवढ्याशा दुकानात फिरतही होते, टेबलापासून दारापर्यंत आणि परत.

मग माझं मलाच कळलं. मी थांबले आणि विचारलं, “तुला द्यायचीय का परीक्षा?”

तिनं उत्तराला वेळ घेतला. बाहेर एक ऑटोवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता, त्याचं भांडण मिटून तो निघून गेला तरी तिचा अंगठा टेबलाच्या कडेवरून चाललाच होता. मी एवढा वेळ दुसऱ्या कुणाच्या उत्तरासाठी आयुष्यात कधी थांबले नव्हते.

“द्यायची आहे,” ती म्हणाली. “पण तुमच्याकडे नको, मिस. मी एकटीच करीन.”

“एकटी कशी करशील? तो वेळेचा प्रश्न—”

“तुम्ही बाजूला असलात की मला सुचत नाही.”

“ए!” अण्णा ओरडले. “मिसशी असं बोलतात?”

“बोलू दे तिला, अण्णा,” मी म्हटलं. “खरं आहे ते.” आणि माझा ब्लाऊजचा पीस पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. तिनं माप घेतलं. टेप माझ्या खांद्यावर धरून म्हणाली, “सरळ उभ्या राहा, मिस. हलू नका.” मी हलले नाही.

फॉर्म तिनं स्वतः जाऊन आणला. माझ्याकडे एकदाही आली नाही. पुढचे महिने मी दुपारी दोन ते चारच्या मध्ये काही ना काही निमित्तानं त्या रस्त्यानं जात होते. कधी औषधं, कधी कोथिंबीर. शटर अर्धं ओढलेलं असायचं, खालच्या फटीतून टेबलाचे पाय दिसायचे आणि स्टुलावरचे तिचे पाय, स्थिर. मला वाकून बघावंसं वाटायचं. जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा करून ठेवला होता, तो शटरखालून आत सरकवावा असं वाटायचं. एकदा तर मी वाकलेही होते. फुलवाल्या बाईनं विचारलं, “काय पडलं, अक्का?” म्हटलं, “काही नाही,” आणि घरी आले. माझी भीती साधी होती. तिला गणित येतंय याची मला आता खात्री होती. पण बोर्डाचं घड्याळ माझ्याहून उतावीळ. तिनं पुन्हा तीनच प्रश्न लिहिले, तिन्ही सुंदर, तर? मग तिचं पुढचं सगळं माझ्या त्या एका वाक्यामुळे गेलं असतं.

त्या वर्षात माझ्या खोलीतही थोडं बदललं. थोडंच. मी गणित देऊन स्वयंपाकघरात जायला लागले. दहा मिनिटं ओट्याला धरून उभी राहायचे. परत येऊन बघावं तर दोघांनी एकमेकांचं उतरवलेलं, तिसरा मोबाईलवर, आणि एखादी खरंच विचार करत बसलेली. तेव्हा कळलं की काही पोरांना फॅन लागतोच. कुणाला लागतो आणि कुणाला नाही हे ओळखता येतं असं मात्र मी आता कुणाला सांगत नाही. पाच मिनिटांची परीक्षा बंद केली असं लिहायला मला आवडलं असतं. घेते अजून, सवय आहे. फक्त पेन्सिल हलली नाही तर मुलाला बाजूला घेऊन विचारते, “मनात काय चाललं होतं?” बऱ्याचदा उत्तर येतं, “काही नाही, मिस.” आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळपासून घरात फिरत होते. साडेदहाला पेपर सुरू. अकराला मी स्वतःशी म्हटलं, आता लिहीत असेल. साडेअकराला म्हटलं, आता तरी. पेपर संपल्यावर दुकानावरून जावं असं दहादा वाटलं. गेले नाही.

निकालाच्या दिवशी दुपारी अण्णा आले. हातात पेढ्यांचा पुडा, गळ्यात टेप. ते एकटेच होते. तरी मी त्यांच्या मागे, उंबऱ्यापलीकडे बघितलं.

“पास झाली, अक्का,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले. “सगळ्यात पास. गणितात तिला—”

“थांबा अण्णा,” मी म्हटलं. “हे तिनं सांगायला सांगितलंय का?”

ते गोंधळले. पुडा या हातातून त्या हातात घेतला. “न्हाई. तिनं कायच सांगितलं न्हाई. पेढे पण मीच आणले.”

“मग नका सांगू. तिला वाटलं तर ती सांगेल.”

“ती न्हाई सांगायची, अक्का. ओळखताय की तुमी तिला.”

“नाही ओळखत,” मी म्हटलं.

ते गेले. त्याला आता वर्ष होऊन गेलं. ती कॉमर्सला कॉलेजात जाते, दुपारनंतर दुकानात असते, रस्त्यात भेटली की हसते, “मिस, बऱ्या आहात?” म्हणते. मी बरी आहे म्हणते. दर वेळी विचारावंसं वाटतं आणि दर वेळी मी गप्प राहते. शेकडो पोरांचे गणितातले मार्क मला तोंडपाठ आहेत, काहींचे तर त्यांना स्वतःलाही आठवत नसतील. आणि जे मला मनापासून जाणून घ्यायचे आहेत, ते विचारायचा मला हक्क नाही.